नऊ गोळ्यांनंतरचं रक्त

ऐक ना बे गोप्या, नुसतं ऐक. मधात 'मंग काय झालं' करू नको, मी सांगूनच राह्यलो. मंजुश्री तायडे माहीत हाये ना तुले? खामगावच्या लॅबमध्ये रक्त घेते ती. जिची सुई लेकराइलेही समजत नाही, ते रडाले सुरू करतात तवरिक कापूस लावून मोकळी होते. तिच्या बापाचं सांगतो.

मेची सहा तारीख. अकोल्याचा कॅन्सरचा दवाखाना, वरच्या माळ्यावर केमोचा हॉल, लाईनीनं आठ खुर्च्या. खिडकीपासच्या खुर्चीत इंद्रभान, मंजूचा बाप. उजव्या हाताले सलाईन लागलेलं, पण अजून साधंच पाणी चालू होतं. खरं औषध मागून यायचं होतं. तिकडे काउंटरवर राखी सिस्टर त्याच्या नावाची पिशवी उजेडात धरून नंबर वाचून राह्यली होती.

मंजू बापाच्या पायापाशी स्टुलावर. मांडीवर फाईल. फाईलीत सगळ्यात वर मुंबईवरून आलेला रिपोर्ट: 'बदल आढळला नाही.' दोन दिवस झाले ती ते तीन शब्द वाचून राह्यली होती, जसे वाचून वाचून बदलतीन.

तेवढ्यात तिची माय, जनकाबाई, वाकून तिच्या कानात म्हणते, "मंजे, गाडी पकडाच्या घाईत तुह्या बाची गोयी राह्यली ना आज. आता देऊ, का सलाईन सरल्यावर देऊ?"

"बीपीची? दे ना मंग."

"बीपीची त सकाऊनच देली. ही म्हणून राह्यली मी."

अन् मायनं पदराची गाठ सोडली, गाठीतून रुमाल काढला, रुमालातून गोळ्यांची डब्बी. मंजूनं ती हातात घेतली, उलटी केली, मागचं गोळीचं नाव वाचलं. गोप्या, तुले सांगतो, त्या एसीच्या हॉलमध्ये तिच्या पाठीवरून घामाचा थेंब कमरेलोक गेला.

आता तुले हे समजाले मागचं थोडं सांगा लागते.

इंद्रभान म्हणजे नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं काट्यावर. कपाशीच्या गाड्या मोजाच्या. बिडी नाही, तमाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. असा माणूस डिसेंबरात खोकलाले लागला अन् फेब्रुवारीत त्याच्या छातीत सुई घालून गाठीचा तुकडा काढा लागला. तुकडा केवढा, त तांदळाच्या कणीएवढा. अन् त्या सुईनं फुप्फुसाले भोक पडलं, हवा बाहेर फुटली, बरगडीत नळी घालून चार दिवस बसवून ठेवलं त्याले. नळी निघाली त्या दिवशी तो म्हणे, "मंजे, आता काहीही कर, छातीत सुई नाही. मरीन, पण सुई नाही."

अन् ती कणी? ती 'कोणता कॅन्सर हाये' हे ठरवण्यातच सरली.

पण खरा प्रश्न त त्याच्यापुढचा होता. तथच्या अर्पिता मॅडमनं, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरनं, मंजूले समजावून सांगतलं, अन् मंजूनं बापाले त्याच्या भाषेत सांगतलं: "बाबा, मोटरचा स्टार्टर अडकला की मोटर बंदच होत नाही, बरोबर? काही लोकाइच्या गाठीत तसाच एक स्टार्टर अडकलेला असते. म्हून गाठ वाढतच जाते. त्याच्यावर गोळी हाये. रोज एक. ती नेमका तोच स्टार्टर पाडते. केस जात नाही, ओकाऱ्या नाही, माणूस चालाफिराले लागते. पण बिघाड दुसरीकडं असला, त ती गोळी म्हणजे खडू. म्हून पयले तपासा लागते, तुमचा स्टार्टर अडकला का नाही ते."

"मंग तपास ना."

"कणी सरली, बाबा."

छातीत पाणी भरलं होतं, ते काढून तपासलं. त्यातही कामाचं काही निघालं नाही. मंग एकच राह्यलं: रक्त. गाठीचे बारीक बारीक तुकडे रक्तात वाहत असतात म्हणते, त्याच्यात तो बिघाड सापडू शकते. खास नळ्या असतात, कुरियरनं मुंबईले जातात. तेवीस एप्रिलले मंजूनं सोताच्या हातानं, सोताच्या लॅबमध्ये, सोताच्या बापाचं रक्त घेतलं. दोन नळ्या. अन् फॉर्मही तिनंच भरला.

इथंच माती खाल्ली तिनं.

तू कवा तिच्यापुढं बसला असशीन त तुले माहीत हाये. अनोळखी माणसाले ती तीन-तीनदा पुसते. काही गोळ्या चालू हायेत का? काढा? जडीबुटी? शेजाऱ्यानं काही देलं का? हसू नका काका, खरं सांगा. तिले माहीत हाये ना आपली लोकं. कोणाले गुण आला की राह्यलेल्या गोळ्या गावभर फिरतात, जसं दह्याचं इरजण. पण बाप समोर बसला होता, अन् घरच्याले कोणी पुसते का बे? जो माणूस रोज आपल्याच ताटाशेजारी जेवते, त्याचं काय पुसाचं? तिनं खटखट लिहून टाकलं: 'बीपीची गोळी. कॅन्सरचा उपचार अजून सुरू नाही.' खाली सही.

अन् आता मायच्या रुमालात ती गोळी होती. स्टार्टर पाडणारी. तीच.

"कोणं देली?" मंजूनं पुसलं.

"पंजाबरावनं. आशाबाईची राह्यली होती. बंद डब्बी होती वं, फोडेलही नव्हती."

पंजाबराव म्हणजे निमगावकडचा कास्तकार, इंद्रभानचा जुना दोस्त. तीस वर्षं कपाशी आणली त्यानं जिनिंगवर, अन् सांगत फिरे की इंद्रभानच्या काट्यात एक बोंडही इकडचं तिकडं होत नाही. त्याच्या बायकोले, आशाबाईले, हाच रोग होता. ह्याच गोळीवर तिनं तीन वर्षं काढली, निंदाले जाये, पापड लाटे. गेली मागच्या दिवाळीत. तिची शेवटची डब्बी त्यानं अलमारीत तिच्या लुगड्यापाशी ठेवली होती.

"कवापासून देऊन राह्यली तू?"

"जयंतीच्या दिवशी आला ना तो. 'जय भीम इंद्रभान' म्हणे, अन् दोन्ही हातानं डब्बी पुढं केली. डोयात पाणी माणसाच्या. नाही कसं म्हणा लागते? तवापासून रोज एक, जेवल्यावर."

चौदा एप्रिल. मंजूनं बोटावर मोजलं. चौदा ते बावीस, नऊ गोळ्या. नऊ गोळ्या पोटात गेल्यावर तिनं रक्त घेतलं होतं.

अन् मंग तिले एकदम बापाचं तोंड दिसलं. म्हणजे दिसत त रोजच होतं. नाकावर, गालावर बारीक लाल पुटकुळ्या. पंधरा दिवसांआंधी तिनंच चिडवलं होतं त्याले, "बाबा, ह्या वयात पिंपल्स? कोण भेटली?" तोही हसला होता. उन्हानं आलं असंन म्हून तिनं त्याले कोरफड लावून देली होती. कोरफड! त्या गोळीच्या कागदावर पयल्या ओळीत लिहिलेलं असते, अंगावर पुटकुळ्या येतात म्हून. लॅबमधली पोरगी, अन् तिले दिसलं नाही.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू पुसलंच कुठं?" माय म्हणे. भांडाले नाही म्हणे ती, साधंच म्हणे.

तिकडून राखी सिस्टर पिशवी घेऊन निघाली.

आता पाह्य गोप्या, ह्या वक्ताले त्या पोरीच्या डोक्यात काय चालू असंन. रिपोर्टवर लिहिलंय, बदल नाही. पण पोलिसाच्या गाडीचा भोंगा वाजला अन् चोर घरात लपला, मंग गल्लीत चोर सापडला नाही म्हून चोर नव्हताच, असं म्हणता येते का? गोळी लागू पडली असंन त गाठ गप झाली असंन, अन् रक्तातले तुकडे गायब झाले असतीन. म्हणजे रिपोर्ट खोटा. किंवा रिपोर्ट खराही असंन, अन् गोळी म्हणजे नुसता खडू. दोन्ही होऊ शकते. गप बसली त कोणाले काही समजणार नाही. केमो चालू होईन, सगळं कागदावर बरोबर. बोलली त सगळी गोष्ट पुन्हा तिथंच येणार, सुईपाशी.

मायनं तिचं मनगट धरलं. "मंजे, बोलू नको हं. डाक्टरीण हाकलून देईन आपल्याले. पंजाबरावचंही नाव निघीन."

राखी सिस्टरनं पिशवी खांबाले अडकवली. "इंद्रभान तायडे?"

"हाव," बाप म्हणे.

सिस्टरनं नळी जोडाले हात वर केला.

"थांबा!"

आठही खुर्च्यातले लोकं वळले बे. मंजू उभी राह्यली तशी फाईल खाली पडली, कागद पसरले. "सिस्टर, नका लावू. मॅडमले बोलवा. मी... मी फॉर्म चुकीचा भरला."

अर्पिता मॅडम आल्या. लहान चणीची बाई, पण चालते अशी की वार्डबॉय भिंतीले चिकटतात. डब्बी पाह्यली, तारखा ऐकल्या, इंद्रभानच्या तोंडाजवळ जाऊन पुटकुळ्या पाह्यल्या. मंग म्हणे, "मंजुश्री, तुम्ही लॅबमध्ये काम करता ना?"

बस. एवढंच. त्यापेक्षा कानाखाली मारली असती त बरं, असं मंजूले वाटलं.

"मॅडम, मीच देली गोयी, तिले माहीतच नव्हतं," जनकाबाई रडाले लागली. "पण गुण आला हो! ते बसून झोपत होते, आता आडवे झोपतात. पुसा त्याइले. पुटकुयाही आल्या, म्हणजे लागूच पडली ना?"

"मावशी, पुटकुळ्या म्हणजे गोळी पोटात गेली याचा पुरावा. रोगाला लागू पडली याचा नाही. आणि सोळा तारखेला आपण छातीतलं पाणी काढलं होतं. दम त्यानेही कमी होतो."

चौदाले गोळी, सोळाले पाणी. कोणानं काम केलं ते देवालेही सांगता येत नव्हतं.

मॅडमनं स्टूल ओढलं अन् इंद्रभानच्या समोर बसल्या. "ऐका काका. या रिपोर्टवर आता माझा विश्वास नाही. एक, हा रिपोर्ट खरा धरून आजच केमो देऊ. बिघाड खरंच नसेल तर हेच योग्य. असेल, तर तुमच्यासाठी असलेलं सगळ्यात चांगलं औषध आपण बाजूला ठेवलं असं होईल. दोन, गोळी बंद करून तीन आठवडे थांबू आणि पुन्हा रक्त घेऊ. पण तीन आठवडे तुमच्याकडे आहेत की नाही, हे मला सांगता येत नाही. तीन, आजच पुन्हा सुई. तुकड्यात बिघाड असला तर तो गोळी चालू असतानाही सापडतो, रक्तासारखा लपत नाही. तीन वाजताचा एक पेशंट आला नाही, जागा आहे. पण मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. यावेळी फुप्फुस पुन्हा फुटलं, तर मागच्यापेक्षा जड जाईल."

"तुम्ही असत्या त काय केलं असतं?" मंजूनं पुसलं.

"मी असते तर तुमच्यासारखीच घाबरले असते. अर्ध्या तासात सांगा."

इंद्रभान खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. "माह्या पोरीले विचारा," तो म्हणे. "ती म्हणीन ते."

अन् मंजू 'घ्या सुई' म्हणणारच होती, बे. ओठावर आलं होतं तिच्या. तेवढ्यात ती थांबली. खाली पडलेले कागद गोळा केले, काउंटरवरून एक कोरा फॉर्म आणला, पेन काढलं, अन् बापासमोर त्याच स्टुलावर बसली. लॅबमध्ये परक्या माणसापुढं बसते तशी.

"नाव?"

बापानं तिच्याकडं पाह्यलं. "येडी झाली का वं तू?"

"नाव सांगा."

"...इंद्रभान कचरू तायडे."

"वय?"

"एकसष्ट."

"कोणत्या गोळ्या चालू हायेत?"

"बीपीची. अन् पंजाबची." मंग खालच्या आवाजात, "अन् तुही माय ओवा-हळद देते रात्रीची, तेही लिहून घे."

"तुमाले माहीत होतं, ही गोळी न तपासता घ्यायची नसते म्हून?"

"हाव. तूच त स्टार्टरचं सांगतलं होतं." तो खोकलला, थांबला. "पण पंजाबनं आशाबाईची डब्बी पुढं केली मंजे. मले वाटलं, मी घेतली नाही त तो समजीन की त्याची बायको दुसऱ्यांदा मेली. अन् तुले सांगतलं असतं त तू घेऊ देली नसती. म्हून नाही सांगतलं."

मंजूनं लिहिलं. मंग पेन टेकवून ठेवलं अन् शेवटचं पुसलं, "छातीत सुई घालू द्याल?"

शेजारच्या खुर्चीतली म्हातारीसुद्धा कान देऊन राह्यली होती.

"मले एक सांग," तो म्हणे. "मी आडवा झोपून राह्यलो, ते पाण्यानं का गोयीनं? तुले सांगता येते?"

"नाही, बाबा."

"मॅडमले?"

"नाही."

"मंग तीस वर्षं काट्यावर बसलो मी. अंदाजानं कोणाची गाडी सोडली नाही. घाल म्हणा सुई."

तीन वाजता त्याले मशीनच्या खोलीत नेलं. दाराले गोल काच होती, मंजू तिथं नाक लावून उभी. पालथा झोपवला होता त्याले, पाठीवर मार्करची खूण. आतून आवाज ये, "श्वास रोखा... सोडा... रोखा..." अन् दर 'रोखा'ले मंजूही इकडे श्वास रोखे. चार वेळा सुई. मॅडमनं आधीच सांगून ठेवलं होतं, ह्यावेळेस कणी कमी पडू द्यायची नाही. पाचव्या 'रोखा'ले बाप खोकलला, अन् आतले सगळे एकदम हलले, एकानं ऑक्सिजनचा मास्क उचलला, मायनं मागं मंजूची ओढणी गच्च धरली...

सुई तिथंच थांबवली, छातीचा फोटो काढला. दोन तासानं दुसरा काढला. फुप्फुसाबाहेर थोडीशी हवा होती, बारीक रेघ. नळी नाही लागली. लहान बाटलीत चार पांढरे दोरे तरंगत होते, सुतासारखे. बाप स्ट्रेचरवरून म्हणे, "वजन बरोबर हाये का पाह्य," अन् मंजू तिथंच भिंतीले टेकून रडली.

आता तू म्हणशीन झालं. झालं नाही बे.

मॅडमनं घरी सोडताना दोनदा सांगतलं: रिपोर्ट दहा दिवसानं, तोवर ही गोळी एकही नाही. "तुकडा निघाला, आता गोळीने रिपोर्ट बिघडणार नाही. पण चुकीच्या माणसाला या गोळीने फुप्फुसावर सूज येऊ शकते. आहे तेवढं फुप्फुस आपल्याला सांभाळायचंय." डब्बीत आठ गोळ्या राह्यल्या होत्या. मंजूनं डब्बी सोताच्या पर्समध्ये टाकली.

पयले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी बाप दोन उशा मागून राह्यला. सहाव्या दिवशी भिंतीले टेकून बसला तो झोपलाच नाही. अन् तोंडावरच्या पुटकुळ्या सुकाले लागल्या. आता बोल. गोळी बंद झाली म्हून दम वाढला, का पाणी पुन्हा भरून राह्यलं? तिनं मॅडमले फोन केला. त्या म्हणे, उद्या आणा, पाणी असेल तर काढू. गोळी? नाही. चार दिवस राहिलेत रिपोर्टला.

त्याच दुपारी मंजू ड्युटीवरून आली त पाहते काय. मायचा हात तिच्या दुसऱ्या पर्समध्ये. कप्पे उलटेपालटे केलेले.

"माय!"

जनकाबाई दचकली नाही. "कुठं ठेवली तू? एक दे फक्त. पाह्य त्याइच्याकडं. पाह्य एकदा. मासोयीवाणी तोंड उघडं करून बसले हायेत. मॅडमचा बाप हाये का तो?"

मंजूनं पाह्यलं. बाप डोळे मिटून बसला होता, खांदे वर-खाली. त्यानं ऐकलं सगळं. दे म्हणे नाही, नको म्हणे नाही.

डब्बी तिच्या खांद्यावरच्या पर्समध्येच होती. तिले समजलं की आज मायपासून वाचवली, पण रात्री तिचा सोताचाच हात पर्समध्ये जाईन. मायवर नाही, तिचा सोतावर भरोसा राह्यला नव्हता. ती तशीच वळली, स्कुटी काढली, भर उन्हात निमगावले गेली.

पंजाबराव ओट्यावर बसला होता. तिनं डब्बी त्याच्यापुढं धरली, त्यानं धरली होती तशी. दोन्ही हातानं.

"काका, ही तुमच्यापाशी ठेवा. मी मागाले आली तरी देऊ नका. रिपोर्ट आल्याबिगर देऊ नका."

त्याले आंधी समजलंच नाही. मंग तिनं स्टार्टरचं सांगतलं. तो ऐकत राह्यला. म्हणे, "म्हणजे आशाचा स्टार्टर अडकला होता. म्हून तिले लागू पडली."

"हाव काका."

"अन् इंद्रभानचा?"

"माहीत नाही."

"दम कसा हाये त्याले?"

मंजूनं सांगतलं. खरं खरं सांगतलं, मासोयीसुद्धा सांगतली. म्हातारा डब्बीकडं पाहत राह्यला, अंगठ्यानं तिच्यावरचं आशाबाईचं नाव पुसत राह्यला, अन् मंग म्हणे, "पोरी, तू गेल्यावर मीच घेऊन निघालो त?"

ती स्कुटीवर बसली अन् परत आली, रस्ताभर मागं पाहत.

हे काल झालं. आज सकाऊन बापाचं पाणी काढलं, निघालं त अर्धा पेलाच. दम तसाच हाये, अन् डब्बी अजून पंजाबरावपाशीच. रिपोर्ट यायले अजून तीन दिवस. मंजू लॅबमध्ये बसली हाये, लोकाइले पुसून राह्यली, काही गोळ्या चालू हायेत का, अन् दर पाच मिनिटाले फोन पाहून राह्यली.

तू सांग गोप्या. खरं सांग बे. भिंतीले टेकून तुहा बाप तसा बसला असता, अन् आठ गोळ्या तुह्या पर्समध्ये असत्या, त तू काय केलं असतं?